वाटीखालचा फासा

मे महिन्यात परभणीत दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. त्या वेळात कूलरसमोर सतरंजी अंथरून आम्ही भूमिकाखेळ खेळतो. मी, गंगाखेडहून सुट्टीला आलेली भाची, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारची दोन मुलं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं सूत्रधार होऊन जग उभं करायचं, आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या खेळांचा मूळपुरुष. सूत्रधार अर्थातच मी, कारण पुस्तकं माझी.

यंदा भाचीला क्लेरिक व्हायचं होतं. क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारं पात्र. पण तिच्या मनातली बाई पुस्तकातली नव्हती. “मामा, ती एका धर्मशाळेत दळणकांडण करते. तिला कुणी मंत्र शिकवलेले नाहीत. पण रात्री दळायला बसली की तिच्याबरोबर कुणीतरी असतं.” गंगाखेडच्या मुलीनं हे कुठून आणलं ते सांगायला नको. गोदाकाठचं ते गाव जनाबाईचं. पात्राचा कागद भरताना मात्र ती अडली. ‘देवता’ या चौकटीत काहीतरी लिहिता आलं. पुढे चिलखत, गदा, पवित्र चिन्ह, आणि त्याखाली पहिल्या पातळीचे मंत्र, दिवसाला दोन. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी त्या चौकटीत कागद इतका विरला की पलीकडची सतरंजी दिसायला लागली.

तिचं काही चुकत नव्हतं. चुकत होता तो कागद. आणि खेळातला नियम आपल्या घराला बसत नसेल तर तो बदलायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ ठरवून खेळात घेणारी, धापा टाकत ‘टाइम प्लीज’ म्हणून अंगठा दाखवणारी मुलं कुठल्या पुस्तकाला विचारत नाहीत. तेव्हा दैवी सामर्थ्याचे घरचे नियम करायला आम्ही बसलो. त्यात आठ दिवस गेले आणि खेळापेक्षा चर्चाच जास्त झाली. माझं म्हणणं त्या चर्चेतून तयार झालेलं आहे: देवाची मदत शिल्लक म्हणून मोजता येत नाही. ती ज्याला मिळते त्यालाही त्या क्षणी कळत नाही, आणि कळते तेव्हा तिची किंमत चारचौघांत मोजावी लागते. नियम करायचे तर या तीन गोष्टींचे करावेत.

पुस्तकातला क्लेरिक असा का झाला, याला कारण आहे. हा खेळ १९७४ साली छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघंही युद्धखेळांतून आलेले, टेबलावर शिशाच्या पलटणी लढवणारे. अर्नेसनच्या घरच्या खेळात एका खेळाडूचं व्हँपायर पात्र इतकं भारी झालं की त्याला रोखायला क्रूस घेऊन लढणारा धर्मगुरू लागला; क्लेरिकचा जन्म तिथला. मंत्र पाठ करायचा, वापरला की तो डोक्यातून पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या जादूगारांकडून आली. जादूगारासाठी केलेली तीच चौकट धर्मगुरूलाही दिली गेली. म्हणजे देवाची कृपा आली ती रणांगणातून, दारूगोळ्याच्या हिशेबानं. सकाळी प्रार्थना करून काडतुसं भरायची, संध्याकाळपर्यंत उडवायची. खेळ म्हणून हे उत्तम चालतं, पन्नास वर्षं चाललं आहे, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण त्यात देव हा पुरवठादार झाला, आणि पुरवठादाराशी कुणी रात्री जात्यावर बोलत बसत नाही.

२०१४ च्या आवृत्तीत एक नियम होता, तो मला फार आवडतो. दहाव्या पातळीला पोचलेला क्लेरिक देवाला थेट हाक मारू शकतो. हवी ती मदत मागायची आणि शंभरातला आकडा टाकायचा; आकडा आपल्या पातळीइतका किंवा कमी आला तरच देव येतो. दहाव्या पातळीला शंभरात दहा. आला की सात दिवस पुन्हा हाक मारता येत नाही. संबंध पुस्तकात याच जागी देव आपल्या मर्जीचा आहे असं वाटायचं. २०२४ च्या आवृत्तीत फासा गेला; आता तिथे पाचव्या पातळीपर्यंतचा एखादा मंत्र हमखास मिळतो. खेळाडूंची तक्रार होती की नव्वद वेळा काहीच होत नाही. तक्रार खरी आहे. पण तिच्यावर शोधलेला उपाय मला चुकीचा वाटतो.

आमची चर्चा आधी शब्दावर अडली. ‘दैवी जादू’ म्हटलं की मराठी कान बिचकतो. आपल्याकडे जादू वेगळी, करणी वेगळी, सिद्धी वेगळी, चमत्कार वेगळा, कृपा वेगळी. चौदाशे वर्षं तप करून वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेला चांगदेव हा सिद्धीवाला, म्हणजे पुस्तकातला जादूगार. तो ज्या चार भावंडांना भेटायला आला, त्यांनी बसल्या जागची भिंत चालवली असं कथा सांगते. पण त्या सगळ्यातून उरलं काय, तर पासष्ट ओव्यांचं एक पत्र आणि चांगदेवाचा गळालेला अभिमान. भिंत पुन्हा कधी चालवल्याचं कुणी सांगत नाही. सिद्धी वापरावी तेवढी वाढते. हे दुसरं काही एकदा होऊन जातं आणि मागे माणूस बदललेला राहतो.

नवस हा आणखी निराळा व्यवहार. इतकं झालं तर इतकं करीन, असा तो करार असतो, आणि फेडला नाही तर त्याची टोचणी पिढ्यान्‌पिढ्या राहते. ‘रूनक्वेस्ट’ नावाच्या १९७८ च्या खेळात देवाकडून मंत्र मिळवायला आपलं आत्मबळ कायमचं कमी करून द्यावं लागतं. तो नियम वाचताना मला आपला नवसच दिसला. ज्यांना करार आवडतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. भाचीच्या पात्राला तो चालणार नव्हता, कारण तिनं काही मागितलंच नव्हतं.

मग आम्हाला हवा तो शब्द कुठला? तो भाचीच्याच तोंडून आला, आजीकडून ऐकलेला: प्रचिती. प्रचिती ‘येते’, ती कुणी करत नाही. आणि नेहमी नंतर येते. घडत असताना ती प्रचिती नसते. दळण संपतं, उजाडतं, आणि मग कळतं की एवढं पीठ एकटीच्या हातून झालं नसतं.

इथे जात्याकडे नीट बघायला हवं. आमच्या घरी माळ्यावर एक जातं होतं, ते मुलांनी खाली आणवलं. खालची तळी, वरची पाळू, मधे खुंटी, आणि काठाच्या भोकात ठोकलेला लाकडी खुंटा, हातांनी गुळगुळीत झालेला. पसाभर ज्वारीची वैरण तोंडात टाकली आणि दोन मुलांना समोरासमोर बसवलं. एकट्यानं ओढताना पाळू जड जाते, प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी अडते. समोरून दुसरा हात खुंट्यावर आला की ती अडण्याची जागा नाहीशी होते. पण फिरत्या जात्यावर आपला जोर किती आणि समोरच्याचा किती हे हाताला कळत नाही. डोळे मिटले तर समोरच्यानं हात कधी काढून घेतला हेही दोनतीन फेरे कळत नाही. दगडाला आलेली गती तोवर पुरते. मुलांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. जनाबाईच्या कथेत विठ्ठल जात्याशीच का येतो, हे मला त्या दुपारी उमगलं. दोघांच्या कष्टाची वाटणी करता येत नाही, असं घरातलं काम म्हणजे दळण.

त्यावरून पहिला नियम ठरला. पात्र दुसऱ्या कुणासाठी अंगमेहनतीचं काम करत असेल, दळत असेल, पाणी शेंदत असेल, आजाऱ्याला पाठीवर घेऊन चालत असेल, तर खेळाडू आपला वीस बाजूंचा फासा उघड टाकतो. त्याच वेळी सूत्रधार सहा बाजूंचा फासा स्टीलच्या वाटीखाली टाकतो आणि एकट्यानं डोकावून पाहतो. पाच किंवा सहा पडले तर खेळाडूच्या आकड्यात पाच मिळवायचे. काम किती अवघड होतं ते सांगायचं नाही. झालं की नाही एवढंच सांगायचं. फासा तसाच वाटीखाली झाकून ठेवायचा. दिवसाचा खेळ संपला की सगळ्यांसमोर वाटी उचलायची. एका बैठकीत हे एकदाच. आणि मागून मिळणार नाही: काम दुसऱ्यासाठी आहे का, एवढंच पाहायचं.

वाटी शेवटी उचलण्याला दुसरंही कारण आहे. देव कधी येतो हे सूत्रधारानं ठरवायचं म्हटलं की सूत्रधारच देव होतो आणि मग लाडक्या भाचीला जरा जास्त प्रचिती यायला लागते. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर कळ्या किंवा पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. कौल लावणारा गावातला कितीही मोठा असो, पाकळी त्याचं ऐकत नाही. सगळ्या गावासमोर पडते म्हणून तिला मान. आमच्या फाशालाही तीच शिस्त हवी होती.

दुसरा नियम महिपतींनी सुचवला म्हणायला हरकत नाही. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. जनाबाई, नामदेव, दामाजी यांच्या कथा आज घराघरांत ज्या रूपात सांगतात, त्याला मोठा आधार या ग्रंथाचा. त्यातली पदकाची कथा घ्या. विठ्ठल रात्री जनीकडे येतो. काकड आरतीची वेळ झाली म्हणून घाईनं निघतो, तिची वाकळ पांघरून जातो आणि आपलं पदक तिच्या खोपटात विसरतो. सकाळी पुजाऱ्यांना देवाच्या गळ्यात पदक दिसत नाही. ते जनीकडे सापडतं. तिच्यावर चोरीचा आळ येतो, आणि तिला सुळावर द्यायला नेतात. सुळाचं पाणी होतं हा शेवट सगळ्यांना माहीत असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो मधला भाग. देव येऊन गेला याचा पुरावा मागे राहिला, आणि दासीच्या घरात सापडलेला देवाचा दागिना जगाच्या नजरेत चोरीचा माल ठरला.

पुस्तकातला क्लेरिक जखम भरून काढतो तेव्हा कुणी त्याला चौकीवर नेत नाही. त्याच्या चमत्काराची किंमत त्याच्या वहीतून वजा होते, समाजाला त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणून आमच्याकडे वाटीखाली सहा पडला तर मदत होतेच, पण मागे एक वस्तू राहते. एखादा शेला, भलत्याच बाजूला सांडलेलं पीठ, ओल्या पावलांचे ठसे. पुढच्या बैठकीत ती वस्तू कुणाला तरी सापडते, आणि पात्राला तिचा जाब द्यावा लागतो. गेल्या महिन्यात भाचीच्या दळणकरणीकडे धर्मशाळेच्या मालकाची रेशमी शाल सापडली. त्या एका शालीवर आमचे चार दिवस गेले. एकही राक्षस मारला नाही, आणि मुलं कंटाळली नाहीत.

“पण मग लढाईत काय?” हा प्रश्न धाकट्यानं विचारला आणि तो रास्त आहे. समोर गदा उगारलेला राक्षस असताना दळणकरणीनं करायचं काय? मी त्याला सांगितलं, कथा आठवून बघ. जनाबाईसाठी विठ्ठल कुणाला मारत नाही, तो गोवऱ्या वेचतो. मंगळवेढ्याच्या दामाजीनं दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना उघडून दिलं, तर देव सैन्य घेऊन येत नाही; विठू महार होऊन बिदरच्या दरबारात जातो आणि धान्याचे पैसे चुकते करून पावती आणतो. या देवाला कामाची आणि कर्जाची लाज नाही. लढाई हवी असेल तर पुस्तकातला योद्धा आहेच, त्याचे नियम आम्ही बदललेले नाहीत.

तिसऱ्या नियमावर मी हटून बसलो. वाटीखाली एक ते चार पडले तर मदत येत नाही. का आली नाही, हे सूत्रधारानं सांगायचं नाही. भक्ताची श्रद्धा कमी पडली, त्याचं काही चुकलं, असं कुठलंही पात्र म्हणू शकतं, पण नियम ते म्हणणार नाही. जुन्या पुस्तकांत हे उलटं होतं. १९७९ च्या सूत्रधारांच्या ग्रंथात देवाशी वागणूक चुकलेल्या क्लेरिकला वरचे मंत्र नाकारले जातात आणि प्रायश्चित्त घ्यावं लागतं. म्हणजे मंत्र मिळाला नाही तर दोष माणसाचा.

मी हटलो तो चोखोबांसाठी. मंगळवेढ्याला वेठीनं कामाला लावलेले मजूर बांधकामाची भिंत कोसळून गाडले गेले, त्यांत चोखामेळा होते. परंपरा साल देते १३३८. त्या भिंतीला कुणी हात दिला नाही. ज्यांनी चांगदेवासमोर भिंत चालवली, त्यांच्याच संप्रदायातले चोखोबा, आणि भिंत पडली ती त्यांच्यावर. नामदेव हाडं शोधायला गेले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं सांगतात. पंढरपूरच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. चोखोबांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? तर मग खेळात ते म्हणणारा नियम आम्ही ठेवायचा कशाला? आमच्या जिल्ह्यात पेरणी वाया गेलेल्या माणसाला ‘तुमचंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणणारे कमी नाहीत. खेळाच्या सतरंजीवर तरी मुलांनी हे वाक्य शिकू नये.

त्याच ओघात हेही ठरलं की देवळातल्या अधिकाराचा फाशाला उपयोग नाही. जुन्या पुस्तकांत क्लेरिकची पातळी आणि धर्मपीठातलं वजन बरोबरीनं वाढायचं. आपल्या कथांत गाभाऱ्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते आळ घेतात, आणि देव भेटतो तो दासीला, कुंभाराला, पायरीबाहेर ठेवलेल्याला. त्या पायरीबाहेरच्यांसाठी पंढरपूरचं मंदिर उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. खेळात पुजारी हवा तर जरूर घ्या; त्याच्याकडे किल्ली असेल, ओळखी असतील, पोथ्या असतील. वाटीखालचा फासा त्यालाही दुसऱ्याचं दळण दळतानाच मिळेल.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. ज्या देवाला शेजारचं घर रोज नैवेद्य दाखवतं, त्याला फाशावर आणणं बरं का? आमच्या खेळात विठ्ठलाचं नाव येत नाही. भाचीच्या पात्राबरोबर दळणाऱ्याला नाव नाही, रूप नाही, वाक्य नाही. सूत्रधारानं देवाचा आवाज काढायचा नाही, हा आमचा चौथा नियम, आणि तो कधीच मोडलेला नाही. १९८० च्या एका पुस्तकात जगभरचे देव आकड्यांसह छापले होते, त्यांत इंद्र आहे, काली आहे, आणि प्रत्येकाला किती घाव घातले की तो मरतो याचा आकडा आहे. ते पुस्तक मी मुलांपुढे उघडत नाही. मारता येणारा देव ही कल्पना ज्यांच्या पुराणांत असेल त्यांची असो.

पण देव आणि खेळ यांची गाठच नको, असं म्हणणाऱ्यांनी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहावी. लाखेच्या रंगांत रंगवलेली एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. खेळ दिवसा मांडला तर पहिली उतारी रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी ओसरीवर हा घरचा नियम केला असणार, आणि तो इतका मनापासून केला की खेळणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला. नियमातून आदर दाखवता येतो, याचा याहून सुंदर दाखला मला माहीत नाही.

खऱ्या आयुष्यातल्या दाव्यांची सरमिसळ होते का, हेही मुलांशी बोललो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी झटलेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीत तो होऊ शकला नाही. चमत्कार दाखवून लुबाडणं हा त्यात गुन्हा आहे. आमच्या खेळात एक बाबा आहे, तो नाणी घेऊन प्रचितीची खात्री देतो. त्याच्यासाठी वाटी कधी ठेवली जात नाही, हे मुलांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. जो खात्री देतो त्याच्याकडे काही नसतं, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही.

राहिली ती खेळाडूंची जुनी तक्रार, की दहांतल्या नऊ वेळा काहीच होत नाही मग खेळायचं कशाला. आमच्याकडे सहातल्या चार वेळा काही होत नाही. तरी तक्रार आली नाही, कारण त्या चार वेळाही कुणाला त्या क्षणी माहीत नसतं. काम निभावलं तर आपल्या बळावर की समोरच्या हातावर, ही हुरहुर संध्याकाळपर्यंत टिकते. हमखास मंत्रात ती नाही, आणि उघड्या फाशावरच्या नकारातही नाही.

पाचवा नियम भाचीनं मागितला. “मामा, तिला त्याच्यावर चिडता येतं का?” जनाबाई विठ्ठलाला काय काय बोलली आहे हे तिला पाठ होतं, शिव्या द्यायला, अंगणात उभं राहून त्याच्या नावानं बोंबलायला जनीनं कमी केलेलं नाही. मी विचारलं, चिडल्यानं फाशाला किती मिळवायचे? ती म्हणाली, काही नाही. मग नियम कशाला, धाकट्यानं विचारलं. ती म्हणाली, लिहून ठेव. म्हणून वहीत तो लिहिलेला आहे: पात्र कधीही, कितीही चिडू शकतं, फाशावर परिणाम शून्य.

त्या शालीच्या प्रकरणात दळणकरणीला दोरीनं बांधून चावडीवर नेलं, तेव्हा भाची सतरंजीवर उठून उभी राहिली आणि पाच मिनिटं भांडली. कूलरचा आवाज होता तरी शेजारी ऐकू गेलं असेल. वाटी तिच्या पायाशी पालथी होती. बोलून झाल्यावर ती बसली, फासा घेतला, आणि म्हणाली, “चला, तिचं अर्धं दळण राहिलंय.”